बिनचुकीचं पान

ऑफिसात तिला सगळे चाळणीबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. सव्वीस वर्षं ती एकाच संस्थेत इंग्रजी परीक्षेचे निबंध तपासत होती आणि तिच्या हातून चूक निसटली, असं कोणी शपथेवर सांगू शकलं नसतं. बाहेरगावी नोकरीला नाहीतर शिकायला निघालेली माणसं ही परीक्षा देत. दुसऱ्या मजल्यावर बारा तपासनीस बारा टेबलांशी बसत. पूर्वी गठ्ठे यायचे, आता पडद्यावर निबंध यायचा. वर नाव नाही, गाव नाही, फक्त सात आकड्यांचा नंबर. कुणाचा निबंध कुणाकडे जायचा ते यंत्र ठरवी.

व्याकरण चुकलं तर लाल खूण करायची. शब्द बरोबर पण जागा चुकली, तर पिवळी. लाल खुणा कुणीही शोधतो, असं ती म्हणायची. पिवळीसाठी नजर हवी. शब्द धडधाकट असतो, वाक्यही धडधाकट असतं, पण त्यांची सोयरीक जुळत नाही आणि वरवर पाहणाऱ्याला संसार सुखाचा वाटतो. पिवळ्या खुणांत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. शेजारच्या टेबलावर लांब मानेचा एक तपासनीस होता, त्याला शहामृग म्हणत. प्रत्येक निबंध दोघांनी तपासायचा असा नियम होता आणि चाळणीबाईंच्या जोडीला बहुतेक वेळा हा शहामृगच असायचा.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला एक निबंध आला. नंबराच्या शेवटी चार, सात, एक. विषय होता, तुम्हाला नीट माहीत असलेली एक खोली. इंग्रजी यथातथाच. चाळणीबाईंनी तीन लाल खुणा केल्या, चहाचा घोट घेतला आणि चौथ्या ओळीवर ती थांबली. तिथं लिहिलं होतं, ‘माय मदर स्केअर्सली ओपन्ड द डोअर.’

वाक्यात खोट नव्हती. स्केअर्सली म्हणजे जेमतेम. आईनं दार जेमतेम उघडलं. कुठलाही तपासनीस पुढं गेला असता. पण पुढचं वाक्य होतं, ‘कारण वडील रागावतील म्हणून तिचे हात थरथरत होते.’ लिहिणाऱ्याला जेमतेम म्हणायचंच नव्हतं. त्याला म्हणायचं होतं, आईनं घाबरत घाबरत दार उघडलं.

चाळणीबाईंनी कप खाली ठेवला. तो बशीत नीट बसला नाही, थोडा चहा सांडला.

स्केअर्सलीचा हा अर्थ जगात एकाच घरात चालत असे. तिचे वडील मालधक्क्यावर इंग्रजी पत्रं लिहिणारे कारकून होते. शिक्षण बेताचं, पण इंग्रजीचा अभिमान असा, की घरात चूक झाली तर पानावरून उठवत. त्यांच्याकडे एक जुना शब्दकोश होता, आणि त्यातली मधली बरीच पानं वाळवीनं खाल्ली होती. जिथं पान नव्हतं तिथला अर्थ वडील स्वतःच्या अकलेनं लावत. स्केअर म्हणजे घाबरवणं, म्हणून स्केअर्सली म्हणजे घाबरत. दोन्ही मुलींनी तो अर्थ तसाच पाठ केला. रोज संध्याकाळी वडील पाटीवर दहा वाक्यं लिहीत आणि चूक शोधायला लावत. थोरली झटकन शोधायची. धाकटी चुकायची आणि हसायची.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी थोरलीनं तो शब्द ऑफिसात तसा वापरला आणि चारचौघांत तिची शोभा झाली. तेव्हापासून तिनं तो शब्द कधी उच्चारला नव्हता. वडील आता नव्हते, आणि त्याचा तो अर्थ ठाऊक असलेलं आणखी एकच माणूस, तिची धाकटी बहीण, एकतीस वर्षांपूर्वी पाण्यात गेली होती.

तिनं निबंध पुन्हा पहिल्यापासून वाचला. ‘ही खोली मी पाहिलेली नाही, पण मला ती नीट माहीत आहे, कारण आई रोज सांगते.’ दाराची कडी उलटी बसवलेली, वर करून लावायची. खिडकीच्या एका तावदानाला काचेऐवजी बिस्किटाच्या डब्याचं झाकण ठोकलेलं. टेबलाच्या एका पायाखाली वीट. ती कडी वडिलांनी स्वतः उलटी बसवली होती आणि चूक कबूल करायची नाही म्हणून जन्मभर तशीच ठेवली होती.

“काय झालं हो?” शहामृगानं मान लांब करून विचारलं. “अडलं का कुठं?”

“काही नाही. चहा सांडला,” ती म्हणाली.

त्या शब्दावर तिनं पिवळी खूण केली. शहामृगानं केली नव्हती. तो उमेदवार थोडक्यात नापास झाला.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. नवरा चष्म्याच्या काचा घासायचा. चाळीस वर्षं दुसऱ्यांची नजर दुरुस्त करून त्याचा स्वभाव शांत झाला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाला, “अगं, तुझ्या वडिलांसारखी चूक आणखी कुणाचीही होईल. शब्द दिसतोच तसा.”

“आणि कडी?”

“उलट्या कड्या काय एकाच घरात असतात?”

“आणि झाकण? वीट?”

“तुझी बहीण बुडाली ना?” तो म्हणाला. “ तूच सांगितलंस.”

“हो,” ती म्हणाली. “मीच सांगितलं.”

नवऱ्याला तिनं एवढंच सांगितलं होतं. पुढचं मागचं काही नाही. खरं असं होतं, की धाकटी वडिलांच्या मर्जीविरुद्ध एका माणसाबरोबर निघून गेली होती. आठ महिन्यांनी एका सकाळी ती परत आली. बाहेर धुकं एवढं होतं, की समोरचं घर दिसत नव्हतं. आई दोघी लहान असतानाच गेलेली. वडील टेबलाशी बसून पाव खात होते. दारावर थाप पडली, एक, मग दोन, ही धाकटीची पद्धत. वडिलांनी मान वर केली नाही, फक्त हलवली. नाही. थोरली दाराशी गेली. तिनं कडी काढली आणि वीतभर दार उघडलं. बाहेर धुक्यात बहिणीचा चेहरा, ओले केस, हातात काही नाही. थोरली म्हणाली, “जा. ते उठतील.” आणि दार लावलं. चौथ्या दिवशी पुलाखाली एका बाईचं प्रेत सापडलं. वडील ओळख पटवायला गेले, परत आले, हात धुतले आणि म्हणाले, “तीच.” थोरली बघायला गेली नव्हती.

दोन महिन्यांनी तोच नंबर पुन्हा आला. नापास झालेला उमेदवार पुन्हा परीक्षेला बसला, की जुनाच नंबर चालतो. पण बारा टेबलांतून यंत्रानं तो तिच्याकडेच का पाठवावा? विषय होता, तुमच्यावर प्रभाव पाडणारी व्यक्ती. निबंध सुरू होत होता असा: ‘माझी मावशी मेलेली आहे. ती माझी सगळी वाक्यं तपासते.’

चाळणीबाईंनी खुर्ची पुढं ओढली.

निबंधात म्हटलं होतं, की आईची थोरली बहीण फार हुशार होती. एका सकाळी धुकं होतं. मावशी बाहेर उभी होती आणि आई आत. मावशीनं दार वाजवलं. आईनं घाबरत घाबरत दार उघडलं, म्हणाली, जा, आणि लावलं. मावशी पाण्याकडे गेली. इथंही तोच शब्द, स्केअर्सली. पुढं लिहिलं होतं, ‘तेव्हापासून मावशी खिडकीशी बसते. तिच्यासमोर उजेड असतो. ती लोकांच्या चुका मोजते. तिच्या डाव्या हाताशी थंड झालेला चहा असतो. ती डोळे चोळते.’

चाळणीबाईंचा डावा हात डोळ्याकडे चालला होता, तो तिनं मांडीवर ठेवला. तिचं टेबल खिडकीशी होतं. ते तसं असायला काही अर्थ नाही, तपासनिसांची टेबलं खिडकीशीच असतात, असं तिनं मनाला सांगितलं. पण मनाला पटलं नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे, आत कोण होतं आणि बाहेर कोण, याचाच तिला क्षणभर पत्ता लागेना. थंडगार कडी हाताला लागलेली आठवत होती. पण ओले केसही मानेला चिकटलेले आठवायला लागले, आणि ते तिचे नव्हते.

आता काम उरलं होतं. नियम सरळ होता. मेलेल्या माणसाबद्दल लिहिताना क्रियापद भूतकाळी हवं. बसते नाही, बसत असे. मोजते नाही, मोजत असे. सात क्रियापदं वर्तमानकाळात होती, सात लाल खुणा व्हायला हव्या होत्या. चाळणीबाईंनी एकही केली नाही.

शहामृगानं सातही केल्या. दोघांच्या खुणांत एवढा फरक पडला, की निबंध पर्यवेक्षकाकडे गेला. पर्यवेक्षक तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, सभ्य माणूस. त्यानं तिला केबिनमध्ये बोलावलं आणि बसायला सांगितलं.

“बाई, हे तुमच्याकडून झालेलं नाही ना? चुकून बटण दाबलं गेलं असेल.”

“मीच तपासलं.”

“पहिल्या वाक्यात मावशी मेली आहे, असं स्पष्ट म्हटलंय.”

“हो.”

“मग ‘बसते’ कसं चालेल?”

“ती बसते,” चाळणीबाई म्हणाली. “क्रियापदं बरोबर आहेत, साहेब. चूक असेल तर पहिल्या वाक्यात आहे.”

पर्यवेक्षकानं तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. “तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे.”

“तुम्ही उमेदवाराला ओळखता का?”

नियम असा होता, की ओळख निघाली तर तपासनिसानं निबंध सोडायचा. ती म्हणाली, “मी ह्या नंबराला कधी भेटलेली नाही.” आणि हे अक्षरशः खरं होतं.

शेवटी सातपैकी चार खुणा ठेवायचं ठरलं, म्हणजे उमेदवार पुन्हा नापास. आता राहिली शेऱ्याची चौकट. निबंधात एखादी तरी खूण असली, तरच ती चौकट उघडत असे आणि उमेदवारासाठी तीत पंधरा शब्द लिहिता येत. तपासनीस सहसा ठरावीक वाक्यं टाकत, वाचन वाढवा, सराव करा. चाळणीबाईंनी लिहिलं: स्केअर्सलीचा अर्थ घाबरत असा नाही. वडिलांना तसं वाटायचं. वडील चुकत होते.

तिनं बटण दाबलं. सव्वीस वर्षांत तिनं शेऱ्यात कधी घरचं काही लिहिलं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस तिला फार विचित्र गेले. बाजारात कुणी मागून चाललं, की ती बाजूला होऊन वाट द्यायची आणि मागं कोणी नसायचं. ऑफिसात पडद्यावर नवा निबंध यायच्या आधी अर्धा क्षण काळा पडदा येतो, त्यात स्वतःचा चेहरा दिसतो. तो चेहरा तिला थोरलीचा वाटेना. नवऱ्यानं तिचे डोळे तपासले, चष्म्याचा नंबर तोच होता.

“मग मला माझाच चेहरा परका का दिसतो हो?” तिनं विचारलं.

“नजरेचा दोष नाही एवढं मी सांगू शकतो,” तो म्हणाला. “बाकीचं तू मला सांगत नाहीयेस.”

तेव्हा तिनं सांगितलं. दार, धुकं, “जा, ते उठतील,” सगळं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. तो बराच वेळ हातातली काच फडक्यानं पुसत राहिला. मग एकच विचारलं, “प्रेत तुझ्या वडिलांनी नीट पाहिलं होतं का?”

“त्यांनी कधी कबूल केलं असतं का, की आपल्याला ओळखता आलं नाही म्हणून?” ती म्हणाली.

तिसरा निबंध अडीच महिन्यांनी आला. पुन्हा तिच्याकडेच. विषय, आधीच जाहीर झालेल्या यादीतला, तुम्हाला मिळालेला एक सल्ला.

‘तपासनिसांनी मला एका शब्दाबद्दल सल्ला दिला,’ असं लिहिलं होतं. ‘मी तो आईला दाखवला. आईनं तो उभ्यानंच वाचला. तिनं विचारलं, हे कुणी लिहिलं? मी म्हटलं, नाव नसतं. आई म्हणाली, तिला नाव लागत नाही. आई दाराशी जाऊन बसली आणि दुपारभर तिथून हलली नाही. मग म्हणाली, ती लहानपणापासून अशीच आहे, चूक दिसली, की तिथून आत येते. वाक्यात फट ठेवू नकोस. फट नसली, की तिला येता येणार नाही. त्या दिवसापासून आम्ही दोघी रोज संध्याकाळी बसतो. आई मला वाक्यं घालते. हा निबंध मी घरून पाठ करून आले आहे. आईनं तो एकोणीस वेळा तपासला आहे.’

निबंध संपला होता. चाळणीबाईंनी वरपासून खालपर्यंत शोधलं. क्रियापदं जागच्या जागी, आईची वाक्यं अवतरणचिन्हांत, स्वल्पविरामसुद्धा शिस्तीत. लाल नाही, पिवळं नाही. असं पान तिनं फार क्वचित पाहिलं होतं. लहानपणी दहातली सहा वाक्यं चुकवून हसणाऱ्या मुलीनं हे केलं होतं, एकोणीस वेळा वाचून, दाराला पाठ लावून, बहीण आत येऊ नये म्हणून.

शेऱ्याची चौकट बंद होती. खुणेशिवाय ती उघडणार नव्हती.

तिनं चार वेळा निबंध वाचला. शहामृगाचं तपासून झालं होतं, त्यानं एकही खूण केली नव्हती आणि तो जांभई देत पाणी प्यायला उठला होता. चाळणीबाईंनी शेवटून दुसऱ्या ओळीतल्या एका साध्या शब्दावर बाण नेला. ‘होम.’ शब्द बरोबर होता, जागा बरोबर होती. तिनं त्याला पिवळी खूण केली. चौकट उघडली. तिनं लिहिलं: मी मेलेले नाही. बाहेर तू होतीस, आत मी होते. चूक माझी आहे.

जन्मात पहिल्यांदा तिनं बरोबर गोष्टीला चूक ठरवलं होतं. निबंध पुढं गेला.

तासाभरात पर्यवेक्षक स्वतः तिच्या टेबलाशी आला. बोलावणं धाडलं नाही, स्टूल ओढून शेजारी बसला.

“बाई, ह्या शब्दात चूक नाही,” तो हळू म्हणाला.

“माहीत आहे.”

“मग खूण काढावी लागेल. खूण काढली, की शेराही जातो.”

“तेही माहीत आहे.”

त्यानं शेरा वाचलेला होता हे दिसत होतं. “नाव मला दिसत नाही, तुम्हालाही दिसणार नाही,” तो म्हणाला. “माझ्या हातात असतं तर मी सांगितलं असतं, असंही म्हणवत नाही. नियम कशासाठी आहे ते तुम्हीच मला शिकवलंत.” त्यानं खूण काढली. वरिष्ठांना कळवलं मात्र नाही, तेवढं त्यानं पोटात घातलं. उमेदवार उत्तम गुणांनी पास झाला, आणि पास झालेला माणूस पुन्हा निबंध लिहायला येत नाही.

पुढच्या महिन्यात चाळणीबाईंनी पिवळ्या खुणांचं काम सोडलं आणि नुसत्या नोंदी ठेवायचं टेबल मागून घेतलं. तिला आता शब्दांकडे संशयानं बघवत नव्हतं. लोक म्हणाले, चाळणीची भोकं बुजली. ती हसली.

वर्तमानपत्रात सूचना द्यायची कल्पना नवऱ्याची. ती तिनं इंग्रजीत लिहिली नाही, आपल्या भाषेत लिहिली, कारण आपल्या भाषेत दोघींनी एकमेकींची चूक कधी काढली नव्हती. धाकटीचं घरातलं लाडाचं नाव, आपलं नाव, घरचा फोन, आणि एक ओळ: मी आहे, तू कशी आहेस. खिडकीवरच्या कारकुनानं वाचून विचारलं, “हे निधनात घालू, की हरवले-सापडलेमध्ये?”

“तुमच्याकडे तिसरं सदर नाही का?” तिनं विचारलं.

“किरकोळ आहे.”

“किरकोळमध्ये घाला,” ती म्हणाली.

तीन रविवार सूचना आली. चौथ्या रविवारी सकाळी दहा वाजता फोन वाजला. तिकडून एका तरुण मुलीचा आवाज आला, नंबर बरोबर आहे का, एवढंच विचारलं आणि रिसीव्हर दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेल्याची खरखर झाली. मग शांतता. चाळणीबाई म्हणाली, “बोल.” कोणी बोललं नाही. पण फोन ठेवलाही नाही. कुठंतरी नळ ठिबकत होता. तेव्हा तीच बोलायला लागली. वडील कसे गेले ते सांगितलं, नवऱ्याबद्दल सांगितलं, गुडघे दुखतात ते सांगितलं. वीस मिनिटांनी पलीकडून हळूच फोन बंद झाला.

“कोण होतं?” नवऱ्यानं विचारलं.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “ऐकत होतं कुणीतरी.”

तेव्हापासून दर रविवारी दहाला फोन येतो. ती बोलते, पलीकडे कोणी बोलत नाही. धुक्याच्या सकाळबद्दलही ती बोलली आहे, आत कोण आणि बाहेर कोण ते नावानिशी. त्यावर नळसुद्धा ठिबकायचा थांबल्यासारखा झाला होता. एकदा तिनं मुद्दाम चुकीचं सांगितलं. म्हणाली, “आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस, तुला कसं आठवणार.” खरं म्हणजे धाकटी तेव्हा सहा वर्षांची होती. पलीकडे कुणीतरी श्वास आत घेतला, बोलायच्या आधी घेतात तसा, आणि धरून ठेवला. चाळणीबाई कानाशी रिसीव्हर घट्ट दाबून थांबली. नवरा काच घासायची थांबवून दारात उभा राहिला. मग पलीकडून फोन ठेवला गेला.

पुढच्या रविवारी नऊ वाजताच ती फोनशेजारी खुर्ची घेऊन बसली. दहा वाजता तो वाजला.